घरच्या झणझणीत नूडल सूपचा दरवेळी लगदा का होतो आणि रस्सा पांचट का लागतो

तक्रार साधारण अशी असते. व्हिडिओ बघून सगळं आणलं, सोया सॉस, व्हिनेगर, नूडल्स, चिली फ्लेक्स, आलं-लसूण परतलं, पाणी घातलं, उकळी आली, नूडल्स सोडल्या, आणि टेबलावर येईपर्यंत अर्धा रस्सा नूडल्सनी पिऊन टाकला, उरलेला पिठूळ, वर लाल तवंग, पहिल्या घोटाला ठसका आणि पुढे चव म्हणून काही नाही. मग पुढच्या वेळी माणूस काय करतो तर तिखट वाढवतो. त्याने ठसका वाढतो, चव आहे तिथेच. घरातले म्हणतात यापेक्षा मॅगी कर बाई.

गडबड तिखटात नसते, महागाच्या सॉसमध्येही नसते, पद्धतीत असते. आपला हात एकाच पातेल्याला सरावलेला आहे. फोडणी, वाटण, पाणी, मग जे शिजवायचं ते, शेवटी मीठ, की झाली आमटी, आणि ती जितकी मुरेल तितकी चांगली. त्यात १९८३ मध्ये मॅगी भारतात आली आणि तिनेही तेच शिकवलं, मोजून पाणी घ्या, मसाला आणि वडी एकत्र टाका, पाणी आटलं की खा. मॅगीला ते बरोबरच आहे कारण ती त्याच हिशोबाने बनवलेली आहे. पण चीनच्या सिचुआन प्रांतातल्या किंवा जपानी वळणाचं सूप असं होत नाही. तिथे चार गोष्टी चार जागी तयार होतात, बाउलमध्ये खारट-आंबट बेस, एका पातेल्यात मीठ न घातलेला स्टॉक (म्हणजे मांस, मशरूम वगैरेंचा अर्क उतरलेलं पाणी), दुसऱ्या पातेल्यात नूडल्स, आणि आधीच करून ठेवलेलं चिली ऑइल, आणि या चौघांची गाठ पडते ती खाणारा चमचा घेऊन बसला की मगच. मिसळीत फरसाण कोणी उसळीबरोबर उकळतं का, उसळ वेगळी, कट वेगळा, फरसाण-कांदा वेगळा आणि प्लेट समोर आली की वरून कट, अगदी तोच हिशोब.

मी खाली सगळं तानतानमेन डोळ्यासमोर ठेवून लिहितेय, म्हणजे तीळ आणि चिली ऑइलवालं जपानी सूप, कारण ते घरी वीस-पंचवीस मिनिटांत खरोखर होतं आणि लागणाऱ्या बऱ्याच गोष्टी आपल्या डब्यांत असतात. याचं मूळ सिचुआनच्या दानदान नूडल्समध्ये. त्या नूडल्स विक्रेते कावडीवरून विकायचे, एका टोकाला चूल आणि पातेलं, दुसऱ्या टोकाला बाउल आणि मसाल्याच्या बरण्या, त्यामुळे रस्सा जवळजवळ नसायचाच, तळाला मसाला आणि वर नूडल्स, खाणाऱ्याने कालवून घ्यायचं. सिचुआनमधल्या यिबिनचे शेफ चेन केनमिन १९५२ मध्ये जपानला गेले, १९५८ मध्ये त्यांनी टोकियोत शिसेन हानतेन हे हॉटेल काढलं, आणि जपानी लोकांना रश्श्यातल्या नूडल्सची सवय म्हणून त्यांनी त्यात स्टॉक घातला, तिळाची पेस्ट वाढवली, तिखटपणा जरा खाली आणला. पण मसाला बाउलच्या तळाला ही कावडीवरची रीत तशीच राहिली, आणि घरी करताना नेमकी तीच गाळली जाते.

आता एकेक दुखणं घेऊ.

रस्सा पांचट, तिखट असूनही चव नाही

नव्वद टक्के वेळा मीठ कमी असतं. आपण नूडल्सबरोबरच मीठ घालतो, उकळत असताना चव बघतो, ठीक लागते, मग नूडल्स फुगतात आणि त्या स्वतः अळणी असल्यामुळे प्रत्येक घासाला चव पातळ होत जाते. रस्सा नुसता चाखला तर किंचित जास्त खारट वाटायला हवा, नूडल्स पडल्या की तो बरोबर होतो. माप सांगते. एका माणसाला ३०० मिली स्टॉक, त्याला दीड मोठा चमचा चांगला सोया सॉस. मोठा चमचा म्हणजे १५ मिलीचा मापाचा, पोह्यांचा चमचा नव्हे. जपानी नेहमीच्या सोया सॉसमध्ये साधारण १६ टक्क्यांच्या आसपास मीठ असतं, म्हणजे दीड चमच्यात जवळपास ४ ग्रॅम, आणि ३०० मिलीला एवढं लागतंच. हा सोया सॉस पातेल्यात ओतायचा नाही, बाउलच्या तळाला घालायचा.

सोया सॉसवरून आठवलं, बाटलीची मागची बाजू वाचा. सोयाबीन, गहू, मीठ, पाणी एवढंच लिहिलं असेल तर तो आंबवून केलेला आहे. कॅरॅमल रंग, साखर, आम्लता नियंत्रक वगैरे लांबलचक यादी असेल तर तो मंचुरियनला रंग द्यायला उत्तम पण सूपमध्ये त्याच्याकडून खोलीची अपेक्षा करू नका. हल्ली चांगला सोया सॉस मोठ्या सुपरमार्केटमध्ये मिळतो, थोडा महाग पडतो पण एक बाटली महिनोनमहिने जाते.

मीठ बरोबर असूनही पोकळ लागत असेल तर दोष स्टॉकचा, म्हणजे मुळात तुम्ही स्टॉकच्या जागी नळाचं पाणी वापरताय. स्टॉकचा तयार क्यूब टाकला तरी चालेल, पण क्यूबमध्ये मीठ ठासून असतं हे धरून सोया सॉस कमी करा, नाहीतर तक्रार उलटी होईल. त्यापेक्षा बरे तीन मार्ग आहेत. एक, सुके शिताके मशरूम चार-पाच, रात्रीच गार पाण्यात घालून फ्रीजमध्ये ठेवायचे, सकाळी ते पाणी म्हणजे अर्धा स्टॉक तयारच. शाकाहारी लोकांना याच्या जवळपास जाणारं दुसरं काही मला तरी सापडलेलं नाही. दोन, घरी मटण किंवा चिकन होत असेल त्या दिवशी वाटण लागायच्या आधीचं अळणी पाणी वाटीभर काढून ठेवायचं, फ्रीजरमध्ये बर्फाच्या ट्रेमध्ये घालून. हळद पडलेली असेल तरी चालतं, रंग जरा वेगळा येतो इतकंच, गरम मसाला मात्र पडलेला नको. आणि तीन, सोडे. कोकणातली मंडळी आता हसतील पण चीनपासून मलेशियापर्यंत सुकी कोळंबी हा रश्श्याचा कणा आहे, लाक्सा या मलेशियन नूडल सूपच्या वाटणात ती असते, आणि आपल्याकडे ती डब्यात पडलेलीच आहे. आठ-दहा सोडे कोरडे भाजा, वास सुटला की गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवा, मग त्याच पाण्यात हलकं उकळा. सोड्यांचे भाव बघता जीवावर येत असेल तर जवळा घ्या, फक्त निवडून, धुऊन आणि नंतर गाळून, वाळू दाताखाली आली की सगळं मुसळ केरात.

अजिनोमोटोचं विचारतात म्हणून. शिताके, टोमॅटो, सोया सॉस, परमेसान चीज, या सगळ्यांत जे ग्लुटामेट असतं तेच त्या पुडीत असतं. इकेदा किकुनाए या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये ते कोंबू नावाच्या समुद्री शेवाळातून वेगळं काढलं आणि पुढच्याच वर्षी ते बाजारात आलं. त्याची भीती पसरली ती बरीचशी १९६८ मध्ये एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या पत्रानंतर, आणि नंतर कोणाला काय दिलंय हे न सांगता ज्या चाचण्या घेतल्या त्यांत तो त्रास ठामपणे दिसला नाही. घालायचं तर चिमूटभर, नको असेल तर अर्धा पिकलेला टोमॅटो स्टॉकमध्ये उकळून काढून टाका. पण चिमूट म्हणजे चिमूटच, चमचाभर घातलं की जिभेवर एक विचित्र गोडसर चिकटपणा राहतो.

आणि एक, व्हिनेगर. उकळत्या पातेल्यात घालू नका, वास उडून जातो आणि नुसता आंबटपणा राहतो. तेही बाउलच्या तळाला, एक लहान चमचा. चिनी काळं व्हिनेगर मिळालं तर सोन्याहून पिवळं, नाहीतर साधं व्हिनेगर आणि दोन चिमूट साखर किंवा गूळ. लिंबू मी यात घालत नाही, ते तिळाबरोबर मला पटत नाही, पण ज्याची त्याची आवड.

नूडल्सचा लगदा

याला तीन कारणं आणि तिन्ही एकदम हजर असतात. एक म्हणजे रश्श्यातच शिजवणं. कोरड्या नूडल्सना वरून पीठ लागलेलं असतं, शिजताना स्टार्च सुटतो, तो सगळा रश्श्यात गेला की रस्सा पिठल्याच्या वाटेला लागतो. वेगळं पाणी, भरपूर पाणी, १०० ग्रॅमला निदान एक लिटर, खळखळ उकळी, आणि नूडल्स पडल्या की लगेच चॉपस्टिक किंवा काट्याने सोडवा म्हणजे गठ्ठा होणार नाही.

दुसरं कारण वेळ. पाकिटावर चार मिनिटं लिहिलं असेल तर तीन मिनिटांनी काढा. गरम रश्श्यात त्या शिजतच राहतात आणि टेबलावर फोटो काढण्यात जी दोन मिनिटं जातात ती कोणी मोजत नाही. यात इन्स्टंटच्या तळलेल्या वड्या सगळ्यात फसव्या. आंदो मोमोफुकु यांनी १९५८ मध्ये चिकन रामेन काढलं (हो, शिसेन हानतेनचंच साल, त्या वर्षी जपानात नूडल्सला काय ऊत आला होता कोण जाणे) त्यात युक्तीच ही होती की नूडल्स तळल्या की आतलं पाणी वाफ होऊन निघून जातं आणि बारीक बारीक छिद्रं राहतात, मग गरम पाणी लागलं की ती भराभर भरतात. म्हणून त्या झटपट होतात आणि म्हणूनच झटपट फुगून मऊही पडतात. हवेवर वाळवलेल्या, म्हणजे काड्यांसारख्या सरळ किंवा न तळलेल्या घरट्यांसारख्या, रश्श्यात जास्त वेळ टिकतात. जेवणाऱ्यांत कोणी सावकाश खाणारं असेल तर याच घ्या.

तिसरं कारण म्हणजे नूडल्सच मुळात त्या कामाच्या नसतात. आपल्याकडे दुकानात सहज मिळतात त्या हक्का नूडल्स, त्या परतायला केलेल्या असतात, त्यांना रश्श्यात ती लवचिक ओढ नसते. रामेनच्या नूडल्सना जी ओढ आणि पिवळसरपणा असतो तो अंड्यामुळे असं बऱ्याच जणांना वाटतं, पण बहुतेक वेळा तो कानसुईमुळे असतो, म्हणजे सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेटचं खारं पाणी पिठात घालतात. आपला पापडखार याच जातीचा, पापडाच्या पिठाला ताण येतो तो त्याच्यामुळेच. म्हणून हक्का नूडल्स उकळताना पाण्यात लिटरला एक लहान चमचा खाण्याचा सोडा घालून बघा, चक्क फरक पडतो, रंगही जरा पिवळा होतो. पाणी मात्र मोठ्या पातेल्यात घ्या कारण सोडा पडला की फेस वर येतो आणि गॅसवर उतू जातं, आणि उकळून झालं की नूडल्स गरम पाण्याने एकदा विसळा नाहीतर साबणकट चव राहते. पापडखार घालायचा तर सोड्याच्या पाव भागच, तो जास्त तेज असतो. बारीक स्पॅगेटीलाही ही युक्ती लागू पडते, परदेशात गावाकडच्या भागात राहणाऱ्या आणि आशियाई दुकान दोन तास लांब असणाऱ्या मंडळींसाठी हा चांगला आडमार्ग आहे.

निथळणं विसरू नका. चाळणीत टाकून तीन-चार जोरदार झटके द्या. ओल्या नूडल्सबरोबर सहज अर्धी वाटी पाणी बाउलमध्ये जातं आणि मग आपण वर मोजून घातलेल्या मिठाचा हिशोब कोलमडतो. बाउलसुद्धा आधी गरम पाण्याने भरून तापवून घ्या, एरवी थंड चिनीमातीला लागून रस्सा कोमट होतो. कोमट नूडल सूप म्हणजे शिक्षा आहे.

तांदळाच्या नूडल्सचं प्रकरण वेगळं. त्या उकळायच्या नाहीतच, साध्या पाण्यात अर्धा तास भिजवायच्या, वाकवल्या की न मोडता वाकल्या पाहिजेत, आणि वाढताना झाऱ्यावर घेऊन उकळत्या पाण्यात काही सेकंद बुडवायच्या. तुकडे पडतात म्हणणारे सगळे त्या पातेल्यात ठेवून विसरलेले असतात.

चिली ऑइल कडू किंवा काळं

इथे आपला फोडणीचा हात आड येतो. मोहरी तडतडायला तेल जितकं तापवतो तितक्या तेलात लाल तिखट टाकलं की ते क्षणात करपतं. आपल्याकडचं तिखट एकदम बारीक पूड असतं, त्यामुळे ते आणखी लवकर जळतं. चिली ऑइलला जाडसर मिरची हवी. ब्याडगी किंवा काश्मिरी मिरच्या देठ काढून, बिया थोड्या झटकून, कढईत मंद आचेवर थेंबभर तेलात फिरवून घ्या, गार झाल्या की मिक्सरला दोन-तीनदा फक्त फिर्र करा. रंग यांचा. तिखटपणा पाहिजे असेल तर त्यात लवंगी मिरची दोन-चार मिसळा, दोन्ही कामं एकाच मिरचीकडून करून घ्यायला गेलं की एकतर रंग नाही नाहीतर तोंड भाजतं.

आता तेल. अर्धी वाटी शेंगदाण्याचं किंवा साधं सूर्यफुलाचं, त्यात आल्याच्या दोन चकत्या, कांद्याच्या पातीचे पांढरे तुकडे, एक चक्रीफूल, दालचिनीचा छोटा तुकडा, तमालपत्र, आणि अगदी मंद आच. पाती तपकिरी झाली की सगळं काढून टाका, गॅस बंद करा आणि एक-दीड मिनिट तसंच राहू द्या. काचेच्या नको, स्टीलच्या वाडग्यात तीन मोठे चमचे मिरची, एक चमचा पांढरे तीळ, चिमूट मीठ, चिमूट साखर, आणि त्यावर एक लहान चमचा पाणी किंवा व्हिनेगर शिंपडून मिरची जराशी दमट करून घ्या. ही दमट करण्याची पायरी बरेच जण गाळतात पण जळण्यापासून वाचवते तीच. आता तेलात मिरचीचा एक कण टाकून बघा. तो वर येऊन बारीक फेस धरून लालच राहिला तर ओता. टाकल्या टाकल्या काळा पडला तर अजून थांबा. काहीच झालं नाही तर पुन्हा किंचित तापवा. ओतताना एकदम नाही, तीनदा, मधे चमच्याने ढवळत. पहिल्यांदा सूं करून फसफसतं, खमंग वास येतो, दुसऱ्या वेळी आवाज कमी, तिसऱ्या वेळी नुसता रंग उतरतो. लगेच खाऊ नका, दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं. ताजी लसूण तेलात ठेवून बरणी बाहेर ठेवायची नाही, ओल्या लसणीचं तेल बाहेर राहिलं तर विषबाधेचा खरा धोका असतो, घालायचीच असेल तर कुरकुरीत तळून घाला आणि बरणी फ्रीजमध्ये.

करपलं असेल तर गाळून, साखर घालून वाचवायचा प्रयत्न करू नका, तो कडवटपणा सगळ्या सूपमध्ये उतरतो. सरळ टाकून द्या, तेल थोडंच असतं.

त्या झिणझिण्यांबद्दल पण विचारणा असते, सिचुआन मिरी कुठे मिळेल. ऑनलाइन मिळते, मोठ्या शहरांत आयात मालाच्या दुकानात मिळते. पण तिच्याच झँथोझायलम प्रजातीतलं भावंड कोकण-गोव्यात घराघरात आहे, तिरफळ. बांगड्याच्या तिखल्यात टाकतो तेच. बी काढून टाकायची, नुसती साल कोरडी भाजून कुटायची. तिरफळाचा वास जास्त उग्र, म्हणून एका बाउलला तीन-चार सालींची पूड पुरे. चव तंतोतंत तीच येत नाही, पण जिभेवर तो मुंग्यांचा प्रकार मात्र होतो, आणि मला तर माशाची आठवण येणारा तो वास चिकनच्या खिम्याबरोबर उलट आवडतो.

तेल वर, पाणी खाली, रस्सा मिळून येत नाही

मिरचीचा तिखटपणा ज्याच्यामुळे असतो ते कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून नुसत्या पाणीदार रश्श्यावर चिली ऑइल ओतलं की सगळा जाळ वरच्या थरात, पहिल्या सुर्रक्याला तो थेट घशाला, आणि खाली कोमट सोया सॉसचं पाणी. हे सांधतं कोण, तर तीळ. म्हणून तिळाची पेस्ट ही हौसेची गोष्ट नाही, यात ती कामाची आहे.

पांढरे तीळ मंद आचेवर बदामी होईपर्यंत भाजा, संक्रांतीच्या वड्यांना भाजतो त्यापेक्षा थोडे जास्त, गार करून मिक्सरला लावा, आधी कूट होईल, कडा खरवडत फिरवत राहिलात की तेल सुटायला लागेल, मग एक-दोन चमचे तेल घालून सैलसर पेस्ट करा. थोडे तीळ घेतले तर मिक्सरचं पातं नुसतं हवेत फिरतं, निदान वाटीभर घ्या. ताहिनी आणली असेल तर चालेल, पण ती बहुधा कमी भाजलेल्या तिळांची असते, चव फिकी वाटते. पीनट बटर बिनसाखरेचं असेल तर चालतं, तीळ नसल्यास मी तेच म्हणेन. नुसतं दाण्याचं कूट घालू नका, ते तळाला बसतं.

आता नेमकी गंमत इथे होते आणि लोक घाबरतात. बाउलमध्ये दोन मोठे चमचे पेस्ट घेतली आणि सोया सॉस घातला की ती एकदम घट्ट होते, दगडासारखा गोळा, असं वाटतं बिघडलं. बिघडलेलं नसतं. थोड्या पाण्याने ती आवळते, आणखी पाणी गेलं की सुटते. स्टॉकचे दोन-तीन चमचे एकेक करून घाला आणि घोटत राहा, गोळा फाटल्यासारखा होईल, मग अचानक रंग उजळून मलईसारखं गुळगुळीत होईल. तेव्हा कुठे बाकीचा कढत स्टॉक ओतायचा, तोही धारेने आणि ढवळत. पेस्ट आधीच उकळत्या पातेल्यात टाकून खळखळवली की दाणेदार होते, तेल सुटून वर येतं आणि मग कितीही ढवळा. उकळी स्टॉकला, पेस्टला नाही.

नारळाच्या दुधाचं सूप, म्हणजे लाक्सा किंवा खाओ सोई करत असाल तर फुटण्याचा प्रश्न तोच आणि उत्तरही तेच, दूध शेवटी, आच मंद, खळखळ उकळी नाही. घरच्या ताज्या दुधाबाबत जास्त जपा, डब्यातल्या दुधात ते धरून ठेवायला बहुधा गोंद घातलेला असतो.

फारच तिखट झालं तर

पाणी ओतू नका, त्याने चव पातळ होते, जाळ तिथेच. तिळाची पेस्ट किंवा पीनट बटर अजून एक चमचा गरम स्टॉकमध्ये सैल करून घाला, किंवा बिनसाखरेचं सोया दूध पाव वाटी, जपानमध्ये तानतानमेनमध्ये ते बरेच जण घालतातच. साधं दूध चालेल पण व्हिनेगर आधी पडलेलं असेल तर फाटेल. पण मुळात ही वेळ यायला नको, कारण तिखट बाउलमध्ये असतं, पातेल्यात नसतं. पोरांच्या बाउलमध्ये चिली ऑइल नाही, आजोबांच्या अर्धा चमचा, नणंदेला कोल्हापुरी पाहिजे तर तिला तीन चमचे. एका पातेल्यात केलं की घरातल्या सगळ्यात नाजूक पोटाच्या माणसाला धरून चालावं लागतं, मग बाकीचे चिली सॉसची बाटली उपडी करतात.

दोन शेगड्यांवर हे सगळं बसवायचं कसं

क्रम महत्त्वाचा. आधी कढईत खिमा, चिकन किंवा मटणाचा, नाहीतर भिजवून घट्ट पिळलेले सोया ग्रॅन्युल्स किंवा बारीक चिरलेले मशरूम, मोठ्या आचेवर पाणी पूर्ण आटून कडेने कुरकुरीत होईपर्यंत. ओलसर, वाफवल्यासारखा खिमा सूपमध्ये काहीच करत नाही. मग त्यात आलं-लसूण, एक चमचा सिचुआनी तिखट बीन पेस्ट असेल तर ती, नसेल तर थोडा सोया सॉस आणि साखर. मूळ प्रकारात यिबिनचं याचाय नावाचं मोहरीच्या देठांचं खारवलेलं लोणचं घालतात, अमेरिकेत आशियाई दुकानांत त्याची छोटी पाकिटं मिळतात. इथे मुळ्याचा पाला बारीक चिरून, मीठ चोळून, तासाभराने पिळून कोरडा परतला तर त्या दिशेने थोडं जाता येतं. खिमा झाला की कढई उतरवून बाजूला, झाकण ठेवून. आता एका शेगडीवर स्टॉक, एका शेगडीवर नूडल्सचं पाणी. पाणी उकळेपर्यंत बाउलमध्ये बेस कालवून घ्या. पाण्याला उकळी आली की पालक किंवा पाक चोय (चिनी पालेभाजी) आधी अर्धा मिनिट त्यातच बुडवून काढा, मग नूडल्स. नूडल्स शिजतायत तोवर कढत स्टॉक बाउलमध्ये. नूडल्स निथळा, घाला, एकदा उचलून दुमडून ठेवा, वर खिमा, भाजी, पातीचा कांदा, चिली ऑइल, तिरफळाची पूड.

इंडक्शन किंवा कॉइलच्या शेगडीवर चार जणांच्या नूडल्स एकदम टाकल्या की पाणी गार पडतं आणि परत उकळायला इतका वेळ घेतं की तोवर पीठ सुटतं, दोन खेपांत करा. अंडं हवं असेल तर फ्रीजमधलं अंडं उकळत्या पाण्यात साडेसहा मिनिटं आणि लगेच बर्फाच्या पाण्यात, बलक मधासारखा राहतो. हे सगळ्यात आधी करून ठेवा, शेवटच्या दोन मिनिटांत अंडं सोलायला बसलात तर नूडल्स गेल्याच समजा.

पाकिटातलं कोरियन रामयनच करायचं असेल तर हा सगळा खटाटोप नको, त्यांची रीत एका पातेल्याचीच आहे आणि नूडल्स जाड असल्यामुळे ती निभतेही. तिथे फक्त पाणी मोजा, बहुतेक पाकिटांवर ५५० मिली किंवा त्याच्या आसपास लिहिलेलं असतं, आपण अंदाजाने घालतो आणि मग फिकं लागतं म्हणतो. आणि मसाल्याची पूर्ण पुडी एकदम न टाकता पाऊण टाकून चाखा.

उरलेल्याचं. नूडल्स उरवू नका, रश्श्यात भिजलेल्या नूडल्सचं दुसऱ्या दिवशी काही होत नाही. बाकी सगळं टिकतं, खिमा फ्रीजमध्ये दोन दिवस, स्टॉक फ्रीजरमध्ये, चिली ऑइल बरेच आठवडे, आणि तिळाच्या पेस्टवर तेल तरंगायला लागलं तर ते ओतून टाकू नका, कोरड्या चमच्याने तळापासून ढवळून परत मिसळून घ्या.